ऋताचा तीनदा परत आलेला लेख

ऋताची नोकरी म्हणजे लोकांचे कागद परत पाठवणं. एका विमा कंपनीत ती डॉक्टरांकडून आलेले मंजुरीचे अर्ज तपासते. अर्जात काही कमी असलं की 'माहिती अपुरी' असा शेरा मारायचा आणि परत. सोळा वर्षं हेच. या फेब्रुवारीत मात्र तिचा स्वतःचा कागद तीनदा परत आला. तिन्ही वेळा मी तिच्या शेजारी बसलेली होते, कारण मराठी टाइप करायला माझा हात तिच्यापेक्षा जलद चालतो.

इथे अमेरिकेत, एडिसनला, आमची घरं एकाच ओळीत आहेत, मधे एकच भिंत. तिचा नवरा सुशांत, वय त्रेपन्न, स्वादुपिंडाचा कॅन्सर. आता केमोने फक्त त्रास वाढेल, असं डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं आणि सुशांतनेच घरी राहायचं ठरवलं. सोफा गराजमध्ये गेला, त्याच्या जागी हॉस्पिटलचा पलंग आला. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येऊन सांभाळणाऱ्या संस्थेची, नर्स आठवड्यातून तीनदा यायला लागली. फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, औषधांचा एक पांढरा डबा आला. त्यात मॉर्फीनची छोटी बाटली होती.

ती बाटली अकरा दिवस उघडली गेली नाही.

सुशांतची आई, मृणालिनीकाकू, ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. सांगलीला मुलींच्या शाळेत त्या विज्ञानाच्या बाई होत्या. तीसेक वर्षांपूर्वी तिथल्या एका खाजगी दवाखान्यात काकांना संध्याकाळी एक इंजेक्शन दिलं आणि सकाळी काका गेले. कसलं इंजेक्शन, कशासाठी, हे कोणी सांगितलं नाही. काकूंनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "बाई, तुम्हाला ते कळायचं नाही."

त्यामुळे पांढरा डबा आला त्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हे दिल्यावर माणूस किती दिवसांत जातो?"

ऋताने समजावलं. नर्सने फोनवर दुभाषी घेऊन समजावलं. काकू म्हणाल्या, "ही बाई कागद वाचतेय." मग ओळखीचे एक मराठी डॉक्टर मुद्दाम येऊन तासभर बसले, चहा घेऊन गेले. दार लागल्यावर काकू म्हणाल्या, "त्यांच्यातलाच माणूस. त्यांच्याविरुद्ध कसा बोलेल?"

हे सगळं चाललं असतं, पण सुशांतही आईचाच मुलगा. "आईला पटल्याशिवाय मी ते घेणार नाही," त्याने ऋताला सांगितलं. "बाबांच्या वेळी तिला कोणी विचारलं नाही. मी तिला तसं ठेवून जाणार नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं होईल."

होत नव्हतं. साध्या गोळ्या केव्हाच पुऱ्या पडेनाशा झाल्या होत्या. पोटातून कळ आली की तो चादर मुठीत धरायचा आणि ती सोडायचं विसरायचा. दुपारी त्याचा आवाज भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मी मिक्सर लावायची. लिहायला लाज वाटते, पण लावायची.

आता लेखाचं. सहा वर्षांपूर्वी काकू इथे आल्या तेव्हा त्यांना करमेना, म्हणून सुशांतने टॅबलेटवर इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश लावून दिला होता. कोणीही लेख लिहावा, स्वयंसेवकांनी तपासून मंजूर करावा, असा तो ज्ञानकोश. काकू रोज नाश्त्यानंतर त्यातले दोन लेख वाचायच्या. आमच्या ग्रुपवर कोणी हळदीचा नाहीतर कारल्याचा रामबाण उपाय पाठवला, की काकूंचा ठरलेला निरोप यायचा: "ज्ञानकोशात आहे का? नाही ना? मग पुढे पाठवू नका." त्यांनी त्यात उपशामक सेवा शोधली. बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कमी करून माणसाला सांभाळायचं, त्या वैद्यकाला मराठीत हे नाव आहे. लेखच नव्हता.

"तुम्ही म्हणता तसं खरंच असतं," काकू म्हणाल्या, "तर कोणीतरी लिहिलं असतं."

म्हणून ऋता लिहायला बसली.

पहिल्यांदा तिने हॉस्पिसने दिलेली पुस्तिकाच मराठीत उतरवली. दोन दिवसांनी शेरा आला, खाली नाव जगन्नाथ: "हा दुसऱ्यांच्या पुस्तिकेचा अनुवाद आहे. प्रताधिकाराच्या नियमामुळे काढून टाकत आहे."

दुसऱ्यांदा तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं. फार सुंदर लिहिलं होतं. या उपचारांत माणसाला सोडून दिलेलं नसतं, उलट जवळ धरलेलं असतं, औषधाच्या नावाने घाबरू नका, असं सगळं. या वेळी तीन दिवस लागले. "संदर्भ एकही नाही. शिवाय ज्ञानकोश वाचकाला सल्ला देत नाही आणि धीरही देत नाही."

ऋताने कामावरच्या सवयीने त्यावर मुद्देसूद फेरविचार अर्ज लिहिला, वर 'तातडीचे' असा मथळा. जगन्नाथने उत्तर दिलं: "ताई, हे न्यायालय नाही. आम्ही चार-पाच जण नोकऱ्या सांभाळून हे करतो. रांगेत छत्तीस लेख आहेत. तुमची घाई दिसते, तिचं कारण दिसत नाही."

तिने कारण टाइप केलं. 'माझा नवरा' एवढे दोन शब्द झाले आणि तिने ते खोडले.

"अगं, लिही ना," मी म्हटलं. "माणूसच आहे तोही."

"नेत्रा, मला रोज येतं असं लिहून. माय हजबंड, माय मदर. आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलंय, तो भाग वाचायचा नाही. त्याने डिसिजन बदलत नाही."

त्यांची सोळा वर्षांची रुही जिन्यावर बसून ऐकत होती. "मॉम, आय कॅन मेक इट लुक एक्झॅक्टली लाइक दॅट. टेन मिनिट्स. आजी विल नेव्हर नो."

"आजीला फसवायचं?" ऋता तिच्यावर अशी ओरडली की पलंगावरून सुशांतने विचारलं, काय झालं.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघींनी चौदा संदर्भ जोडले, सगळे वैद्यकीय नियतकालिकांतले. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फीनने आयुष्य कमी होत नाही, या एका वाक्याला तीन संदर्भ. पुन्हा तीन दिवस. त्या तीन दिवसांत सुशांतने पेज पिणंही सोडलं. काकू त्याच्या पायांना तेल चोळत बसायच्या आणि ऋताकडे बघायच्या नाहीत. ऋता दर तासाला फोन उघडून बघायची. अर्ज पाठवणारे लोक असेच बघत असतील, असं एकदा ती आपणहून म्हणाली.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. "संदर्भ उत्तम. पण लेखाचा मोठा भाग एकाच औषधाच्या भीतीबद्दल आहे. हा लेख ज्ञानकोशासाठी नसून कोणा एका व्यक्तीची समजूत घालण्यासाठी लिहिल्यासारखा वाटतो. समतोल करून पुन्हा पाठवावा."

अकराव्या दिवशी सकाळी मिक्सर लावूनही आवाज ऐकू येत होता. मी मिक्सर बंद करून त्यांच्याकडे गेले. ऋता ओट्याला टेकून उभी होती, अंगावर कालचेच कपडे. तिने रुहीला हाक मारली आणि म्हणाली, "कर."

मी अडवलं नाही.

रुहीने हुबेहूब पान केलं. तोच रंग, तीच अक्षरं, कोपऱ्यात तेच चिन्ह. मजकूर ऋताचा दुसऱ्या वेळचा घेतला, कारण तो साधा होता. टॅबलेट काकूंसमोर ठेवताना रुही म्हणाली, "आजी, लुक, आला लेख."

काकूंनी चष्मा पुसला. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायला लागल्या. निम्म्यावर बोट थांबलं.

"ज्ञानकोश 'घाबरू नका' म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत मला एकदाही म्हणाला नाही. कोणी लिहिलंय हे?"

रुही मोज्यांकडे बघत राहिली. "पेज मी केलं, आजी. लिहिलं मॉमने."

ऋता तिथेच डिशवॉशरपाशी खाली बसली. "हो, मी लिहिलं. खोटं केलं. खरं तीनदा पाठवलं, आई. तीनदा परत आलं. आता माझ्याकडे काही उरलं नाही. तो तुमच्यासाठी थांबलाय आणि तुम्ही कागदासाठी थांबलाय."

काकूंचा आवाज चढला नाही. "परत आलेलं दाखव."

पेपर तपासावेत तसे त्यांनी तिन्ही शेरे वाचले. तिसरा पुन्हा वाचला.

"कोण ही एक व्यक्ती?"

मग पलंगावरून, श्वास जमवत, सुशांत म्हणाला, "तू गं, आई. आणखी कोण इतके संदर्भ मागतं?"

काकूंनी टॅबलेट रुहीकडे सरकवला. मग रुहीला म्हणाल्या, "ते तीन संदर्भ काढ. इंग्रजी असू दे. मला सांग वाचून."

रुहीचं मराठी म्हणजे अर्धं घरातलं, अर्धं अंदाजाने. "ब्रीदिंग म्हणजे श्वास... तो थांबत नाही, आजी, जर डोस छोटा सुरू केला आणि स्लोली वाढवला तर."

"किती जणांवर पाहिलं?"

रुहीने आकडा सांगितला. काकूंनी आणखी सात-आठ प्रश्न विचारले. एकाचं उत्तर त्यात नव्हतं. "नाही दिलेलं," रुही म्हणाली, आणि का कोण जाणे, त्याच उत्तरावर काकूंनी पहिल्यांदा मान हलवली.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि सुशांतच्या छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजले. अठ्ठावीस. रुहीच्या गणिताच्या वहीत लिहिले. ऋताने नर्सला फोन लावून मात्रा पुन्हा विचारून घेतली. तिने सुई नसलेली छोटी सिरिंज भरली आणि काकूंनी ती घेऊन उजेडात धरली. "रेघेवर आलं. माप मी बघते, दे तू."

ऋताने त्याच्या गालाच्या आत औषध सोडलं.

पाऊण तासाने श्वास एकवीस झाले. चादर मुठीतून सुटली होती. केव्हा सुटली ते आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. काकू तशाच बसून राहिल्या, दर पंधरा मिनिटांनी मोजत आणि लिहीत, कारण त्यांचा अजून पुरता विश्वास नव्हता. संध्याकाळी सुशांत जागा झाला आणि त्याने वरणाचं पाणी मागितलं.

त्यानंतर तो नऊ दिवस होता. शेवटच्या दिवसापर्यंतचे आकडे त्या वहीत आहेत.

तेराव्यानंतर काकूंनीच ऋताला लेख पुन्हा लिहायला बसवलं. मॉर्फीनचा भाग कापून दोन ओळींवर आणला, आणि वहीतल्या नोंदी संदर्भ म्हणून चालतील का, असं जगन्नाथला विचारायला लावलं. त्याचं उत्तर आलं: "व्यक्तिगत निरीक्षणं घेता येत नाहीत, क्षमस्व."

"बरोबर आहे त्याचं," काकू म्हणाल्या.

मी पोळ्यांची कणीक घेऊन गेले होते, म्हणून मला ऐकू आलं. वही मिटून त्या म्हणाल्या, "अकरा दिवस, ऋता. या वहीत ते अकरा दिवस नाहीतच."

असं मनाला लावून घेऊ नका, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ऋताने माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. तिने काकूंच्या हातातून वही घेतली नाही, की त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. खुर्ची ओढून ती समोर बसली.

"हो," ती म्हणाली. "अकरा."

लेख अजून रांगेत आहे.