एका नावासाठी दोन प्रश्न

गंगापूर रोडवरच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी पाच वर्षं काढली. तिथल्या माझ्या वरिष्ठांशी, सरांशी, माझं बोलणं भांडणापुरतंच होतं. नेम सर्व्हर मी सांभाळायचे. गिऱ्हाइकानं वेबसाइटचं नाव टाइप केलं की त्याचा आकडी पत्ता शोधून देणारं ते मशीन.

दोन हजार सात-आठच्या सुमाराला जुने आकडी पत्ते संपत येणार म्हणून लांबलचक पत्त्यांची नवी पद्धत येऊ घातली होती. नवे कॉम्प्युटर एकाच नावासाठी दोनदा विचारू लागले, एकदा जुना पत्ता, एकदा नवा. मीटिंगमध्ये मी म्हटलं, "सर्व्हरवरचा भार दुप्पट होईल. दुसरं मशीन लागेल."

"मॅडमना नवीन खेळणं हवंय," सर मालकांना म्हणाले. सगळे हसले. मीही इरेला पेटले. सर्व्हर बंद पडणार, असं भेटेल त्याला सांगत सुटले.

मग लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याची तक्रार आली. मालकांनी आम्हा दोघांना एकाच जीपमधून पाठवलं.

"ताई, बाहेर लिलाव सुरू झाला, अन् भावाचं पान अजून उघडंना," व्यापारी म्हणाला. "नवी मशीनं घेतली तवापासून हे. जुनं लय बरं चालतंय."

"मॅडमचा सर्व्हर झोपलाय," सर त्याला म्हणाले.

मी लॅपटॉप जोडून बघत बसले. जुन्या पत्त्याच्या प्रश्नाला लगेच उत्तर येत होतं. नव्या पत्त्याचा प्रश्न मात्र आमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हता. मधलं मॉडेम तो गिळत होतं आणि कॉम्प्युटर उत्तराची वाट बघत ताटकळत होता.

"मॉडेम तुम्ही निवडलंत ना सर?" मी व्यापाऱ्यासमोरच विचारलं. मुद्दाम.

त्यांनी मला बाहेर ट्रॅक्टरांच्या रांगेपाशी नेलं. "गिऱ्हाइकासमोर माझी लाज काढतेस?" पहिल्यांदाच ते अरेतुरेवर आले होते.

"मीटिंगमध्ये तुम्ही काय केलं होतंत?"

आत येऊन मी कॉम्प्युटरना मॉडेमऐवजी थेट आमच्या सर्व्हरला विचारायला लावलं. पानं भराभर उघडली. व्यापाऱ्यानं चहा मागवला. सरांनी कपाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरचा महिन्याभराचा आलेख काढला. प्रश्न खूपच वाढले होते, पण मशीनला त्याचं काहीच वाटत नव्हतं. बहुतेक उत्तरं त्याच्या साठ्यात तयार असायची. दुसऱ्या मशीनची गरज नव्हती. भाराबद्दल सरांचं बरोबर होतं.

मी तो आलेख बंद केला आणि कुणालाही दाखवला नाही. सरांना तर नाहीच. पुढचं वर्षभर आम्ही पाठीला पाठ लावून बसलो, निरोप चिठ्ठ्यांवर लिहून. मी नोकरी सोडली त्या दिवशी ते रजेवर होते. मला बरं वाटलं.