अक्षर न मोडणारा ब्राउझर

कॉम्प्युटर सुरू केला की आमचे अण्णा त्याच्या डब्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. पडद्यावर गोल चक्र फिरत असायचं, मुलं चुळबुळत असायची आणि अण्णा कुणाकडेही न बघता म्हणायचे, "थांबा जरा. दमायलंय ते."

कर्नाटकात, आळंद तालुक्यातल्या एका लहानशा गावात आमची मराठी शाळा होती. मी मराठी शिकवायची, अण्णा गणित. त्यांचं गाव मादन हिप्परगा, घरची भाषा कन्नड. बायकोशी, देवाशी आणि स्वतःशी ते कन्नडमध्ये बोलत. वर्गात मात्र मराठी. कधी माझ्या वर्गावरून जाताना फळ्यावर एखादी वेलांटी चुकलेली दिसली, तर काहीतरी विसरल्यासारखं करून आत येत, ती बोटानं पुसून नीट करत आणि निघून जात. मला राग यायचा, पण वेलांटी खरंच चुकलेली असायची.

गुलबर्ग्याच्या एका बँकेनं काढून टाकलेले जुने कॉम्प्युटर शाळेला मिळाले होते. नेहमीची सिस्टिम त्यांना पेलेना. सुरू होता होताच ते गपगार पडत. अण्णांनी इकडून तिकडून वाचून त्यांत लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं, एवढंच मला समजलं. आणि चाललं की. पोरं टायपिंग करू लागली, चित्रं रंगवू लागली. पण इंटरनेट उघडायला गेलं की पुन्हा तेच चक्र. ज्यातून इंटरनेटची पानं दिसतात, त्या ब्राउझरचाच भार त्या म्हाताऱ्या यंत्रांना सोसत नव्हता.

मग अण्णा हलका ब्राउझर शोधायला लागले. मधली सुट्टी झाली की डबा खाता खाता एक नवीन टाकून बघायचे. प्रत्येकाला त्यांनी नाव ठेवलं होतं. सगळं जग वापरतं ती 'म्हैस'. "दूध देती बाई, पण पेंड किती खाती बगा." एक होतं 'पाखरू'. बटण दाबलं की भुर्रकन उघडायचं. आणखी एक होता, तो दुसरं पान उघडलं की पहिलं विसरून जायचा. त्याला त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांचं नाव दिलं होतं. ते मी इथं सांगत नाही.

पाखरावर मी खूश होते. अण्णांनी एकदा त्यात मराठी पान उघडून मला बोलावलं. पान आलं झटकन, पण जोडाक्षरं सगळी सुटी झालेली. 'विद्यार्थी' हा शब्द कुणीतरी दगडानं ठेचल्यासारखा दिसत होता. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटली होती.

"वाचता येतंय की, अण्णा," मी म्हणाले.

"तुमाला येतंय. तुमी आदीच शिकलाव. ज्याला अजून शिकायचंय, त्यानं हे बगितलं तर त्याला हेच खरं वाटंल." त्यांनी पाखरू बंद केलं. "हलकं पाहिजे बाई, पण अक्षर मोडाय नको."

पुढं हे वाक्य त्यांच्या तोंडीच बसलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एक लहानशी अट धरून बसतात, आणि आपल्याला वाटतं, सोडून का देत नाहीत? मी एकदा विचारलंच, "कामून एवढं मनाला लावून घ्यायलाव? तुमच्या तर घरची भाषा बी न्हाई ही."

"घरची न्हाई मनून तर," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरची भांडी जपून धरावी लागत्यात."

तोवर शाळा ओसरायला लागली होती. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात येऊ लागली, आणि दर जूनमध्ये आमचे बाक मोकळे होत गेले. मुलं अजून कमी झाली तर शाळा बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांनी पालकांची सभा बोलवायची ठरवली. आपल्याही शाळेत कॉम्प्युटर आहे, इंटरनेट आहे, पोरं मराठीतून जग बघू शकतात, हे त्यांना डोळ्यांनी दाखवायचं होतं.

"त्या दिवसापुरतं पाखरू लावा," मी म्हणाले. "जोडाक्षरं कोण बघायलंय?"

"मी बगायलो की."

त्यांनी मधला एक ब्राउझर निवडला. म्हशीएवढा जड नव्हे, पाखराएवढा चपळ नव्हे, पण अक्षर नीट दाखवणारा.

सभेला पालक बऱ्यापैकी आले. पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कपाळावर ताजी विभूती. सातवीतल्या एका मुलीनं 'तुरीवरची कीड' असं टाइप केलं. विषय अण्णांनीच निवडलेला. त्या वर्षी सगळ्यांच्या रानात अळी पडली होती. लोक पुढं सरकून बसले.

चक्र फिरू लागलं. अण्णांनी डब्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता. मला वाटलं, सभेची धास्ती असेल. कुणी खाकरलं, कुणी खिडकीबाहेर पाहिलं. चक्र फिरतच होतं. मग पहिल्या बाकावरचा एक बाप उठला. अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं मोबाईल पुढं केला आणि हळूच म्हणाला, "सर, हे बगा. ह्यात आलंय."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. सरांची अडचण त्याला बघवली नव्हती, एवढंच. अण्णांनी चष्मा लावला, मोबाईल हातात घेऊन शांतपणे वाचलं. "व्हय," ते म्हणाले. "अक्षर बी चांगलं दिसायलंय." आणि मोबाईल परत दिला.

थोड्या वेळानं पडद्यावरही पान उघडलं. अळीचं चित्र, खाली मजकूर, एकही अक्षर न मोडलेलं. तोपर्यंत लोक दारात आपापल्या चपला शोधत होते.

जूनमध्ये त्या मोबाईलवाल्याचं पोरही पिवळ्या बसमध्ये दिसलं. शाळेला कुलूप लागलं. मला भालकीकडं खटकचिंचोळीजवळच्या शाळेत धाडलं, अण्णांना गुलबर्ग्याच्या एका कचेरीत. तिथले कॉम्प्युटर चांगले होते म्हणे. पण अण्णांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं.

एका सुट्टीत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणत असू. त्यांनी चहा दिला. अण्णांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला. सभेत हात थरथरला होता तो धास्तीनं नव्हे, तो कंपवात होता. मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरपैकी एक त्यांनी मागून घरी आणला होता. आता त्यांना माउस धरता येत नव्हता. म्हणून नुसत्या बटणांवर चालणारा ब्राउझर त्यांनी हुडकून काढला होता. एका बोटानं, नेम धरल्यासारखं त्यांनी बटण दाबलं. पान उघडलं. लगेच. मराठी, आणि सगळी जोडाक्षरं शाबूत.

"सापडलं, बाई," ते म्हणाले. "हलकं बी हाय, अक्षर बी मोडत न्हाई."

मी खूप कौतुक केलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "आता कोणाला दावू?"

अक्कांनी आतून कन्नडमध्ये जेवायला हाक मारली, तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखं झालं.

अण्णा गेल्या वर्षी गेले. कळलं उशिरा, त्यामुळे मातीला पोचले नाही. नंतर भेटायला गेले, तर अक्का मला थेट आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कॉम्प्युटरवर धुतलेला टॉवेल पांघरलेला होता.

"एवढं सुरू करून दावा, बाई. रोज सकाळी ह्याच्यापुढं बसायचे. काय बगायचे ते इचारायचंच राहिलं."

मी सुरू केलं. कोरं पान उघडलं. अक्कांनी वाकून बघितलं.

"काहीच न्हाई की ह्यात."

"आपण काही लिहिलं की मग दिसतं, अक्का."

"मग त्यांचं नाव लिवा."

मी नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पान झरकन भरलं. त्याच नावाचे कुणी डॉक्टर होते, कुणी दूरच्या शहरातले दुकानदार, गळ्यात हार घातलेले एक पुढारी. ओळीनं फोटो आले. अक्कांनी पदरानं डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि पडद्याजवळ तोंड नेऊन एकेक चेहरा नीट बघू लागल्या.

"ह्यात न्हाईत," त्या म्हणाल्या. "अजून खाली घ्या."

मी खाली खाली घेत राहिले.