बांधलेलं बटण

रसायनीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं माझ्या कमरेला वॉकीटॉकी होता. आमच्या प्लांटमध्ये पंपांचा आवाज असा, की शेजारी उभ्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागे. नव्या माणसाकडून मी पहिल्या दिवशी तीन शब्द पाठ करून घ्यायचो: बोला, सोडा, ऐका. बटण दाबून बोला, बोलून झालं की बटण सोडा, मग ऐका. बटण दाबलेलं आहे तोवर तुम्हाला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, आणि तुमच्यामुळे बाकीच्यांचाही रस्ता अडतो. एवढं जो विसरे, त्याला मी चारचौघांत झापायचो. माझी जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध होती आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

निवृत्त झालो आणि गावी राहायला आलो. आमचं गाव कुंभिवलीवरून आत, डोंगराच्या अंगाला. माझा थोरला भाऊ, दादा, गावात राहत नव्हता. मधे एक टेकाड आहे, त्याच्या पलीकडे आमची भाताची खाचरं, आणि तिथेच त्याने घर बांधलं होतं. तो आणि वहिनी, दोघंच. मुलगी लग्न होऊन पनवेलला. त्या घरात मोबाईलला रेंज नाही, फोन करायचा तर टेकाडाच्या माथ्यावर यायचं. दादाची छाती दोन वर्षांपासून बिघडलेली. कधी अचानक भरून यायची आणि श्वास पुरायचा नाही. खोपोलीच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, असं झालं की वाट बघत बसू नका, ताबडतोब आणा. आता ताबडतोब म्हणजे काय? वहिनीने टेकाड चढायचं, फोन लावायचा, गाडी शोधायची, तोवर दादाने श्वास धरून बसायचं?

तेव्हा माझ्या डोक्यात वॉकीटॉकी आला. चौकशी केली तर कळलं, कमी ताकदीच्या काही सेटना आता परवाना लागत नाही. शिळफाट्याच्या एका मोबाईलच्या दुकानदाराला सांगून तसे तीन मागवले. एक माझ्याकडे, एक दादाकडे, आणि तिसरा रस्त्यालगत राहणाऱ्या टेंपोवाल्या चाचांकडे. चाचा आमच्या लहानपणापासूनचे शेजारी, गावातलं कुणीही आजारी पडलं की त्यांचाच टेंपो निघतो.

खोक्यावर लिहिलं होतं की आवाज कित्येक किलोमीटर जातो. आमच्या टेकाडाने ते वाचलेलं नव्हतं. पहिले चार दिवस मी सेट हातात धरून अंगणात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढत होतो आणि दादा तिकडे "हालू... हालू" करत घराभोवती फिरत होता. शेवटी त्याच्या पडवीच्या खिडकीत, गावाकडच्या कोपऱ्यात, आवाज स्वच्छ लागला. तिथेच एक खिळा मारून सेट टांगला आणि त्याखाली दादाची बाज सरकवली. चाचांचं घर उंचावर, त्यांना दोघांचंही ऐकू यायचं.

दादाला बोला, सोडा, ऐका काही जमलं नाही. तो बोलून झाल्यावरही बटण दाबूनच धरायचा. समोरचा उत्तर देईस्तोवर आपण हात काढून घेणं त्याला बरं वाटत नसावं. मी म्हणायचो, "दादा, बोट काढ." आणि अर्थातच त्याला ते ऐकू जायचं नाही, कारण बोट बटणावरच. मग मी चिडून स्कूटर काढून त्याच्या घरी जायचो, तर हा हसत म्हणायचा, "आलास ना? मंग झालं की रं काम."

रोज सकाळी सातला मी विचारायचो, "हाय का?" तिकडून यायचं, "हाय." एवढंच. पण त्या एका शब्दावर माझा दिवस सुरू व्हायचा. पुढे पावसाळ्यात एकदा दुपारी त्याचा श्वास अडकला. वहिनीने सेटवर हाक मारली, मी उत्तर देईपर्यंत चाचांनी टेंपो वळवलाही होता. दादा वाचला. त्यानंतर वहिनी त्या सेटला रोज फडक्याने पुसायची. गावातली माणसंही मला विचारू लागली, आमच्याकडे पण एक बसवता का. मी छाती फुगवून फिरत होतो, खोटं कशाला सांगू.

आमच्या गावात माघात हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस मंडपातली वीणा खाली ठेवत नाहीत, या हातातून त्या हातात जाते. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, मग दहीहंडी, मग सगळ्या गावाची पंगत. दादा तरुणपणी वीणेचे पहारे करायचा, एकाला जोडून दुसरा, पाय सुजेपर्यंत. त्या वर्षी त्याला मंडपात बसणं शक्य नव्हतं. धूळ, उदबत्तीचा धूर, गर्दी. पहिल्या संध्याकाळी हरिपाठाला मी माझा सेट स्पीकरसमोर धरला आणि बटण दाबलं. तिकडे दादाला टाळमृदंग ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला "हाय का" विचारलं तर तो म्हणाला, "आरं, मी मंडपातच व्हतो काल."  

पण रोज तास-तासभर बटण दाबून कोण बसणार? मी त्याला रबर गुंडाळलं. तर तीन मिनिटांनी सेट आपोआप बंद पडला. मला ठाऊक होतं तसं का ते. कुणाचं बोट अडकलं, सेट अंगाखाली आला, तर रस्ता अडून राहू नये म्हणून बनवणाऱ्याने ती सोय केलेली असते. कारखान्यात कुणी त्या सोयीला हात लावला असता तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं. इथे मी चष्मा लावून पुस्तिका वाचली आणि तिन्ही सेटमधली ती सोय काढून टाकली. माझ्या भावाला कीर्तन ऐकू जावं म्हणून.

काल्याच्या दिवशी वहिनी यायला तयार नव्हती. दोन वर्षं ती घराबाहेर अशी पडलीच नव्हती. मीच आदल्या दिवशी जाऊन हट्ट धरला. म्हटलं, "वयनी, दोन तासांचा प्रश्न हाय. सेट हाय ना." दादाही म्हणाला, "जा गं. दही घालायला तुजा हात पायजे तितं. मला काय लागलं तर मी बोलंन." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मला विचारा, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं. काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षं जे दुसऱ्यांना शिकवलं, ते मला आठवलं नाही. सेट आहे म्हणजे दादा बोलू शकतो, एवढंच मनात. सेट मीच बांधून ठेवणार आहे आणि तो बांधलेला असेपर्यंत दादा कितीही बोलला तरी कुणाला ऐकू येणार नाही, हे मला, मला, सुचलं नाही.

कीर्तन रंगलं. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या उघडत होते, बायका डोळे पुसत होत्या, वहिनी पुढच्या रांगेत बसली होती. मी मधूनमधून माझ्या सेटकडे बघत होतो. लाल दिवा लागलेला, म्हणजे आवाज जातोय. मला फार समाधान वाटत होतं.

हंडी फुटली तेव्हा मी रबर काढलं. लाल दिवा विझला आणि लगेच हिरवा लागला. हिरवा म्हणजे कुणीतरी तिकडून बटण दाबलं आहे. पण आवाज काही नाही, नुसती पोकळ शांतता, लांबवर कोंबडं ओरडल्यासारखं काहीतरी. मी आजूबाजूच्यांना सेट दाखवला आणि हसून म्हणालो, "बघा आमचा दादा. कवापासून सांगतोय, बोट काढत नाय." लोकही हसले. मग मी भाताचं घमेलं उचललं आणि पंगतीत वाढायला गेलो. दोन पंगती उठवल्या. त्याच्यासाठी प्रसादाचा डबा भरला आणि वहिनीला स्कूटरवर मागे बसवून निघालो.

टेकाड ओलांडलं की घरापर्यंत पायवाट आहे, तिथे मी स्कूटर लावायला थांबलो. वहिनी डबा घेऊन पुढे गेली. मी पडवीत पोचलो तेव्हा ती दादाच्या उशाशी बसलेली होती. दादा बाजेवर, मान खिडकीकडे. सेट बाजूच्या स्टुलावर, बंद. वहिनी म्हणाली, "गेले." रडली नाही. डबा तिच्या मांडीवर होता.

गावाने हे मरण फार मोठं केलं. काल्याचं कीर्तन ऐकता ऐकता गेला, असं भाग्य कुणाला मिळतं? दहाव्याला आलेल्या महाराजांनीसुद्धा हेच सांगितलं. माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, तुझ्यामुळे मिळालं त्याला. मला तो हिरवा दिवा दिसायचा आणि मी खाली बघायचो. त्यांना वाटायचं, दुःखामुळे.

तेराव्यानंतर चाचा आले. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलले. मग म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी बी कीर्तन लावून बसलो व्हतो सेटवर. मधी तीनचार डाव खरखर आली. मला वाटलं, तुमचा रबर सरकला." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून टेंपोकडे गेले. तीनचार वेळा. म्हणजे दादाने एकदा बटण दाबलं, बोलला, सोडलं, ऐकलं. तिकडून कीर्तन. पुन्हा दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मी शिकवलं होतं तसं केलं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. वहिनीला तर नाहीच. तिच्याकडे तेवढा एक आधार होता, की तो ऐकत ऐकत सुखाने गेला. तो मी कुठल्या तोंडाने काढून घेणार? वहिनी शेतावरचं घर सोडून माझ्याच घरी राहायला आली होती. रोज समोर यायची आणि रोज माझा घास अडकायचा.

यंदा सप्ताह जवळ आला. तयारीची बैठक आमच्या ओटीवर भरली. एका घरातली म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिचा मुलगा हात जोडून म्हणाला, "काका, तुमच्या दादांना मिळालं तसं आमच्या आयेला बी मिळू दे. काल्याच्या दिवशी सेट बांधा. आमी पण सगळी मंडपात येऊ, ती ऐकत पडंल."

वहिनी आतून चहा घेऊन येत होती. मी नाही म्हणू शकलो असतो, सेट बिघडलाय म्हणून वेळ मारून नेली असती. पण मग पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी स्वतःचा सेट आणून बांधला असता. ती म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर आली, एकटी, हातात सेट घेऊन. मी सांगून टाकलं. सगळं, वहिनीच्या देखत. रबर, तीन मिनिटं, हिरवा दिवा, माझं हसणं, दोन पंगती, चाचांची खरखर. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो. 

माणसं गेल्यावर मी वहिनीला म्हटलं, "वयनी, मला माफी मागायचा बी हक्क नाय."

ती कप गोळा करत होती. म्हणाली, "भावजी, त्यांच्या मुठीतून सेट मीच सोडवला. आंगठा बटणावर व्हता, लाल दिवा पेटलेला. तुमी पायवाटंवरून येत व्हता, म्हणून घाईनं बंद करून स्टुलावर ठेवला."

 मी विचारलं, "मंग वर्षभर मला बोलल्या का नाय?"

"तुमी बघितलं असतं तर जेवला असता का तुमी?" ती म्हणाली, आणि कप धुवायला मोरीकडे गेली. मी ओटीवर बसून राहिलो. वर्षभर रोज दोन वेळा तिने मला गरम वाढलं होतं, आणि मी पान टाकून उठायला लागलो की म्हणायची, अजून थोडा भात घ्या.