बारा वाजता लाइट आली होती

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे.

आमच्याकडे नाशिकरोडला रविवारी नऊ ते बारा लोडशेडिंग असतं. आठवडाभर ऑफिस, बस आणि फोन यांनी माझं डोकं भणभणलेलं असतं. त्या तीन तासांत टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर सगळं गप्प होतं आणि मला बरं वाटतं.

आज बारा वाजता पंखा कुरकुरला आणि मी विचार न करता मेन स्विच बंद केला. फक्त दहा मिनिटांसाठी.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला आहेत.

"आली का गं लाइट?"

"नाही," मी म्हणाले.

"येईल. आईला म्हणावं, जरा दम धर."

खोटं बोलू नये हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याशीच मी खोटं बोलले. स्वयंपाकघरात गेले, तर आई वाटणाचं भांडं बाजूला ठेवून खिडकीशी बसली होती.

"आई, लाइट आलीये. मीच स्विच बंद केलाय."

"माहितीये. समोरच्या काकूंचा टीव्ही लागला तेव्हाच कळलं. म्हटलं, आपणही बसू जरा. वाटण कुठं पळून जातंय?"

मग बाबांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "आई बसलीये का? मग बसू दे अजून पाच मिनिटं."

शांतता फक्त मलाच हवी आहे, असं मला वाटत होतं. तुमची आई अशी नुसती कधी बसली होती, आठवतंय का?