दहा नंबरच्या ओळीतलं नाव

माझा दादा माझ्याशी खोटं बोलून गेला.

आज त्याचं वर्षश्राद्ध. साताऱ्याला सगळे जमलेत आणि मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून हे टाइप करतेय. गुडघे दुखतात असं कळवलंय. गुडघे ठणठणीत आहेत.

आम्ही कोयनानगरच्या कॉलनीत वाढलो. वडील प्रकल्पावर नोकरीला.
दादा दहावीत आणि मी आठवीत असताना कुवेतच्या मामानं एक कॉम्प्युटर आणला. म्हणजे नुसता जाड कीबोर्डच. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर ठेवायचा.

त्यावर मी एक गेम लिहिला. धरणात पाणी चढत जातं, आपण वेळेवर दरवाजे उघडायचे. मध्येच भूकंप होतो आणि सगळी स्क्रीन हलते.
कॉलनीतल्या पोरीला दुसरं काय सुचणार!

गणिताच्या वहीत मी प्रोग्रॅमच्या ओळी नंबर घालून लिहायचे, दादा दोन बोटांनी टाइप करायचा. दरवाजे उघडायच्या आधीचा भोंगा मात्र त्याचा. लय भारी जमला होता, उगाच का नाही म्हणू.

पहिल्याच स्क्रीनवर इंग्रजीत आमची नावं होती. बाय अशोक अँड सुमन.

मग साताऱ्याला विज्ञान प्रदर्शन आलं.
"पोरीला मुक्कामाला कशाला धाडायची?" वडील म्हणाले.
दादा एकटाच गेला, पहिला नंबर घेऊन आला. दहावीचं वर्ष म्हणून कॉम्प्युटर पेटीत गेला आणि पुढे पेटी दादाबरोबर हॉस्टेलला गेली.

तो इंजिनीअर झाला. मी बी.कॉम. केलं, लग्न होऊन सांगलीत आले, एका ऑफिसात चिकटले.

त्यानंतर प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगायचंच, अशोकनं शाळेत असताना गेम केला होता. "सुमी शेजारी बसून बघायची," हेही जोडायचे.
दादा नुसता हसायचा. मला वाटायचं, लाजतोय.

एकदा माझ्या मुलीनं विचारलं, "आई, नक्की तूच लिहिला होतास ना?"
मी हो म्हणाले. पण खरं सांगू? तोवर माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. वही कधीच रद्दीत गेली होती. पुरावा एकच, ती कॅसेट.

म्हणून दादाच्या मागे लागले, आता नव्या पीसीवर जुन्याचं चित्र आणायचे डबे मिळतात, लाव की एकदा.

"सुमे, नव्या कॉम्प्युटरला जुना सिग्नल कळतच न्हाई. निसत्या रेघा येत्यात. नाद सोड."
"पण नाव हाय न्हवं माझं त्यात?"
"हाय की. आईच्यान हाय."

हे आमचं शेवटच्या दिवाळीतलं, फोनवरचं बोलणं. तीन महिन्यांनी तो गेला. हार्ट अटॅक.

गेल्या आठवड्यात वहिनी आली. घर आवरताना सापडलेली पेटी घेऊन. कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर, कॅसेट, आणि यूएसबीचा एक छोटा काळा डबा.

मी तो डबा माझ्या लॅपटॉपला लावला. पिवळी पिन जुन्या कॉम्प्युटरला. खरंच रेघा आल्या, चित्र वर वर पळायला लागलं.
म्हटलं, दादा खरं सांगत होता.

मग सॉफ्टवेअरमध्ये आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत निवडली. दोन क्लिक. चित्र जागच्या जागी थांबलं.

कॅसेट तिसऱ्या प्रयत्नात लोड झाली.

बाय अशोक.

एवढंच.

मी बघत राहिले. मागून वहिनी खुशीत म्हणाली, "आवं वन्सं, ह्येच की! दिवाळीच्या आधी ह्यांनी लावलं हुतं त्यांच्या कॉम्प्युटरवर. दार लावून बघत बसायचे."

दिवाळीच्या आधी.
म्हणजे फोनवर आईची शपथ घेतली तेव्हा त्यानं ही स्क्रीन बघितली होती.

मी वहिनीसाठी चहा टाकला. तिचा काय दोष?

ती गेल्यावर प्रोग्रॅमच्या ओळी उघडल्या. सगळ्या माझ्या. माझी चूकसुद्धा तशीच, पाणी एकदा शून्यावर गेलं की परत चढतच नाही. मी खूप रडले. वेडी नव्हते मी.

फक्त दहा नंबरची ओळ, जिथं नावं छापायची, तिथं एकच नाव.

दादा, पंधरा वर्षांच्या पोरानं बक्षिसासाठी केलं, ते मी हसून सोडलं असतं. पण पन्नाशी उलटलेल्या माणसानं दार लावून एकट्यानं बघितलं आणि मला रेघा सांगितल्या, ते सोडवत नाही. एक फोन करायचा होतास रे. शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला बोलावलं असतं.

काल रात्री मी दहा नंबरची ओळ दुरुस्त केली. माझं नाव घातलं आणि सेव्ह केलं.

तुझं काढता येत होतं. काढलं नाही.

श्रद्धांजली वाहते, दादा. भावपूर्ण आहे का, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही.

तुझी सुमी