लेकरांसाठी थांबलेली मेंढरं

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत विलीन करायचं घाटत होतं. वर्गात मुलं वीसच्या आतच भरतात, हे कारण. त्याआधी गावाचं म्हणणं ऐकायला सेनगावहून शिक्षण खात्याचे एक साहेब आले. माझी धाकटी तिसरीत आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मोठी माणसंही अलीकडेच थांबतात; तिला मी कसा पाठवणार? म्हणून बैठकीत मी पुढेच जाऊन बसलो.

साहेब भला माणूस. चहा घेऊन म्हणाले, "आज वर्गात चौदा मुलं होती. तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

एकच कालवा उठला. कुणी रस्त्याचं बोललं, एकानं विजेच्या खांबाची तक्रार मांडली. तेवढ्यात मागून एक मेंढपाळ वहिनी उभी राहिली. त्यांची तीन-चार घरं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाशिमकडे निघतात, लेकरंही संगं. यंदाही निघून गेली होती; त्या दिवशी वहिनी तेवढी रेशन न्यायला गावात आली होती.

"साहेब, लस टोचणारे डॉक्टर दिवस उगवायलाच मेंढरांच्या वाड्यावर येतात. मेंढरं चरायला गेल्यावर मोजत न्हाईत. मंग तुमी लेकरं गेल्यावर मोजायला काहून आले?"

साहेबांसकट सगळे हसले. "किती मुलं तुमची?"

"सगळ्या घरांची मिळून सात."

चौदा आणि सात एकवीस. मी उठून तेवढंच सांगितलं. मेंढरांचा आकडा गावात सगळ्यांना पाठ होता, लेकरांची बेरीज मात्र कुणी केली नव्हती.

"हजेरीत नावं आहेत, पण मुलं दिसली पाहिजेत," साहेब म्हणाले. "महिन्यानं परत येतो. दिसली तर शाळा राहू द्या, असं लिहितो."

लेकरं आणायची म्हणजे मेंढरं आणायची. आमच्याकडे मेंढरं रात्री वावरात बसवतात, लेंड्यांचं खत होतं. पण चारा सरला की ती पुढे जाणारच.

"वहिनी, गावाशीच राहिलात तर चाऱ्याचं काय?" मी विचारलं.

"सोयाबीन निघालेल्या वावरात गवत हाय की, भाऊजी. पण दिवसा तुमीच बांधावरून हाकलता!"

"अन् यंदा न्हाई हाकललं तर?"

"मंग आमाला काय वाशिमचं याड लागलंय?"

साहेब गेल्यावर मेंढरं कुणाच्या वावरात कधी बसायची, याचे तिथेच नंबर लावले. आधी मोकळी सोयाबीनची वावरं, मग तूर निघालेली, शेवटी हरभऱ्याची. पहिला नंबर कुणाचा, यावरून भांडणंही झाली.

"शाळा वाचवायलो का खत गोळा करायलो?" एक म्हातारबा ओरडले.

"दोन्ही," मी म्हणालो.

महिन्यानं साहेब आले तेव्हा मेंढपाळांच्या एका पोरीच्या मागं कोकरू थेट वर्गात शिरलं होतं. साहेबांनी एकेका लेकरावर बोट ठेवत मोजलं. एकवीस भरली. मग कोकराकडे बघून म्हणाले, "ह्याला बाविसावं धरू का?"

"न्हाई साहेब," माझी धाकटी म्हणाली, "त्याचं नाव न्हाई घातलं अजून."

साहेबांनी कबूल केलं तसं लिहिलं आणि यंदा शाळा गावातच राहिली. हरभरा निघाल्यावर मेंढरं माझ्या वावरात बसली. आता सकाळी मेंढपाळांची लेकरं माझ्या दारावरूनच शाळेला जातात, आणि माझी धाकटी घास तोंडात असतानाच त्यांच्यामागं पळते.