विचारल्यावाचून बसवलेली पाटी

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका गाळ्यात इंद्रजीत पवार धातूच्या पट्ट्यांवर नावं कोरतो. घरांच्या पाट्या हे रोजचं काम. नाव झालं ते मात्र क्लिंगॉनमुळे. एका परदेशी मालिकेतल्या परग्रहवासी योद्ध्यांसाठी रचलेली ही भाषा. तिच्या देशोदेशीच्या चाहत्यांना आपलं नाव तिच्या उच्चारांत बसवून, कोरून हवं असतं. तिच्यात साधा ‘क’ नाही, ‘ग’ नाही, ‘फ’ नाही. ‘स’च्या जागी आपल्या ‘ष’च्या जवळचा ध्वनी. म्हणजे नावाला काहीतरी सोडावंच लागतं. काय सोडायचं, हे इंद्रजीत ठरवत नाही. दोन-तीन रूपं तो स्वतःच्या आवाजात पाठवतो, आणि यातलं कोणतं तुमचं वाटतं, असं विचारतो. होकार आल्याखेरीज यंत्र सुरू होत नाही.

नेरजवळच्या तांड्यातल्या त्याच्या आजीनं, मानीबाईनं, शाळेच्या मैदानासाठी आपला जमिनीचा तुकडा द्यायचं कबूल केलं. शाळा समितीचे अध्यक्ष सदाशिवराव पितळी पाटीचा मजकूर घेऊन गाळ्यावर आले. इंद्रजीतनं वाचलं: ‘भूदान: श्रीमती मानसीदेवी पवार’.

“काका, हे कोन?”

“तुही आजी, दुसरं कोन?”

“तिचं नाव मानीबाई हाय.”

“अरे बाबू, जिल्ह्याचे सायेब येऊन राह्यले. मानीबाई काही शोभते का पितळेवर? मानसीदेवी पाय कसं भारदस्त वाट्टे!”

“तिले इचारलं?”

“तिले कुठं वाचता येते?” सदाशिवराव मनापासून हसले. “अन् तू कायले बोलतं? राक्षसायच्या भाषेत लोकायचे नावं मोडून तूच पोट भरतं. आमी मराठीत नीट केलं त तुले मिरची लागली?”

“मोडतो, पन ज्याचं त्याले इचारून मोडतो. ही पाटी माह्या हातानं होनार नाही.”

“बरं बा. यवतमाळात काय दुसरे नाहीत का कोरनारे?”

सदाशिवराव गेले, तरी इंद्रजीतच्या कानशिलांची आग विझली नाही. तांड्यातल्या प्रत्येक पिढीला शाळेच्या दारात कोणीतरी असंच ‘नीट’ केलं होतं. त्याच्या बापाला, भीमसिंगला, गुरुजींनी पहिल्याच दिवशी भीमराव करून टाकलं, आणि वर म्हणाले, आता माणसात आला. ज्या भाषेला ना गाव ना शिवार, तिच्यात शिरताना परक्या देशातल्या माणसाचा होकार लागतो. आणि जन्मभर याच शिवारात राबलेल्या बाईचा होकार कोणाला लागत नाही. अपमान करणाऱ्याला अपमान केल्याची जाणीव नसावी, उलट उपकाराचं समाधान असावं, हे त्याला उघड शिवीपेक्षा भयंकर वाटलं. शिवीला निदान उत्तर देता येतं.

त्यानं घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

“तू जाऊच नको तिथं!” तो ओरडला.

“काहून? वावर माहं हाय. मी जाईन.”

मैदानावर मांडव पडला. साहेबांनी शाळेच्या भिंतीवरच्या नव्या पाटीचा पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला, “श्रीमती मानसीदेवी!” पहिल्या रांगेतली मानीबाई ढिम्म हलली नाही. पुन्हा पुकारा झाला. शेवटी सदाशिवराव शाल घेऊन खाली उतरले.

“उठा ना बाई! सायेब खोळंबले.”

“मी कायले उठू? तुमी देवीले बोलावून राह्यले. ते आली नसन अजून.”

मागं तांड्यातल्या बाया खिदळल्या. सदाशिवराव दात आवळून म्हणाले, “तमाशा नका करू. या, संमतीपत्रावर अंगठा द्या, मोकळ्या व्हा.”

“अंगठाबी तिचाच घ्या. वावर तिनं देल्लं म्हन्ते. तिचं वावर कुठं हाय, तिलेच पुसा.”

कोणी हसलं नाही. सदाशिवराव इंद्रजीतकडे वळले. “अरे, समजाव ना हिले! पोराय‍चं मैदान अडून राह्यलं.”

“पोरायचं मैदान तिनं नाही अडवलं, काका,” इंद्रजीत म्हणाला.

साहेब मंचावरून उतरून आले, तिच्यासमोर वाकले. “आजी, आपलं नाव काय?”

मानीबाईनं अंगठा मुठीत घेतला आणि भिंतीकडे बोट केलं.

“ते पाटी काढा पयले. मंग सांगतो.”